एक इंच

मौलालीच्या पार्लरमध्ये, कन्ना चौकाच्या मागं,
तीन टीव्ही होते आणि एक पंखा,
तोही मौलालीकडं तोंड करून.
दहा रुपयांत अर्धा तास.
तिसऱ्या टीव्हीवर ती गुहा होती.

गुहेत एका राणीच्या थडग्याखाली भिंग मिळायचं,
पिवळट काचेचं, कडेला दात असलेलं.
डोळ्याला लावलं की भिंत भिंत राहायची नाही,
पाय टाकायची फरशी खाई निघायची,
आणि कोपऱ्यात दिवे विकणारा म्हातारा
नुसता अंगरखा, आत कुणीच नाही.
पण भिंग धरलेलं असेतो
वरची हिरवी पट्टी उतरत राहायची,
आमच्या टाकीतल्या पाण्यासारखी,
जे चौथ्या दिवशी यायचं.
मी डोळ्यावरनं काढायचोच नाही.
"किती बघलालास बे! मॅजिक संपलालंय की!"
मौलाली मागून ओरडायचा.
संपायचं. मग अंधारात
आत्ताच बघितलेल्या खाईत पडायचो.

नायनाकडं पण एक भिंग होतं.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तो टॉवेल तपासायचा.
पितळेचं, घडीचं, तीन पानं एकमेकांवर मिटणारी,
खाली चौकोनी खिडकी, बरोबर एक इंचाची.
ती कापडावर ठेवायची, वाकायचं,
सुईच्या टोकानं दोरे मोजायचे,
उभे इतके, आडवे इतके.
मागावरची माणसं त्याला गिलास म्हणायची.
अंबय्याचा गिलास.
त्याच्या वजनानं सगळ्या शर्टांचा डावा खिसा
लोंबायला लागलेला.

मे महिन्यात एकदा डबा घेऊन गेलो.
तो हात धुवायला गेला, मी गिलास उघडला.
तळहात बघितला. मीठ बघितलं.
शेंगाचटणीचा एक कण, लाल, डोंगराएवढा.
कशाच्याच आत काही नव्हतं.
सगळं फक्त जवळ आलं.

मग गठ्ठ्यातला वरचा टॉवेल.
निळ्या काठात दोन आडवे दोरे गायब,
पुढं एक गाठ, घाईत मारलेली,
शेपूट न कापता.
"नायना! अकरा नंबरचा माल! दोष आहे!"
पेटी उघडल्यावर ओरडतात तसा ओरडलो.

अकरा नंबरवर इरण्णा म्हेत्रे.
मागांच्या त्या खडखडाटात
ऐकू जाणं शक्यच नव्हतं,
तरी त्यांनी मान वर केली.
चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला,
तरी बशीत सांडत होता.

नायनानं गिलास घेतला,
त्याच इंचावर ठेवला, वाकला.
मोजायला लागतो त्याहून जास्त वेळ वाकून राहिला.
मग एक पान मिटलं. दुसरं मिटलं.
टॉवेलावर शिक्का मारला.
"ऊरुको," म्हणाला.
कारखान्यात तो मराठीच बोलायचा,
हे घरच्या भाषेत म्हणाला: गप्प बस.

त्या संध्याकाळी तिसऱ्या टीव्हीवर
सगळी बटणं दाबून बघितली.
भिंग लावायचं होतं, काढायचं होतं.
बघून मिटायचं कुठलंच नव्हतं.
मौलालीला विचारलं, तर म्हणाला,
"कायतर बोललालास. टाईम झाला, ऊठ."

श्रावणात चार गठ्ठे परत आले.
नायनाच्या पगारातनं किती कापले
ते अम्माला माहीत, आणि तिच्या विड्यांना.
इरण्णांना कुणी काही सांगितलं नाही,
किंवा सांगितलं असेल,
ते दिवाळीनंतर दिसले नाहीत.

गेल्या वर्षी नायनाच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
कंपाउंडरनं पट्टी बांधता बांधता विचारलं,
"काका, लई वापरलाव काय हा डोळा?"
नायना हसला. पट्टी हिरवी होती.

परत आलेल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल
अजून आमच्या मोरीच्या खिळ्याला आहे.
निळा काठ विटला, कोपरा उसवला.
तोंड पुसताना ती गाठ गालाला लागते,
डोळ्यांत साबण असला तरी कळतं, आली.
तिथं मी जरा हळू पुसतो.