पोच

पहिल्या अर्जाची पोच मी मागितलीच नाही.
वाटलं, शाळा आहे,
कागद हरवायला ती काय कचेरी आहे?

दुसऱ्या वेळी क्लार्क म्हणाला, ठेवा तिथं.
तिथं म्हणजे शंखाखाली.
शंखात समुद्र ऐकू येतो म्हणतात.
दुर्वेशनं तो कानाला लावला नाही.
त्याला लावावा लागत नाही.

दुसरीत आहे. हजेरीपटावर वर्षभर हजर.
अकराला फोन येतो:
घेऊन जा, आज फार ओरडतोय.
बांगड्यांना मीठ लावता लावता मी उठते,
हात पदराला पुसत देवगडची घाटी चढते.
तो पायरीवर असतो,
दप्तर मांडीत, कोपरांनी कान मिटून.
आत त्याचं नाव हजर.
बाहेर तो.

मसुरकर सर वाईट नाहीत. चहा मागवतात.
म्हणतात, ताई, आमच्याकडे सोय नाही,
विशेष शिक्षिका महिन्यातून एकदाच येतात,
गेल्या खेपेला आल्या तर हाच घरी.
(सव्वाअकराला आल्या होत्या.)
मग बशीत बघत, हळू:
कोल्हापूरला म्हणे चांगली शाळा आहे.
मी म्हणते, दाखल करून घ्या.
ते म्हणतात, दाखला घेऊन जा.
एका कान्याचा फरक,
आणि मधे अख्खा गगनबावडा.

त्याचा बाप ट्रॉलरवर. इंजिनड्रायव्हरनं
आपली निळी कानझाकणी दिली पोराला.
बाईंनी विचारलं, ऐकायला कमी येतं का?
"नाय बाई. तेका सगळा आयकाक येता.
ताच तर कठीण."

ओरोसला तीन फेऱ्या झाल्या प्रमाणपत्रासाठी.
हा काय काय करू शकत नाही, साहेबांनी विचारलं.
मी सांगत गेले, ते लिहीत गेले.
काय करू शकतो याला रकाना नव्हता.
परतीच्या एसटीत गजाला नाक लावून तो म्हणाला,
षष्ठी. साडेचार.
तिथीची पाऊणपट, भरतीची वेळ.
आजा जाळं विणताना पुटपुटायचा तो पाऊणकीचा पाढा
आता कुठल्याच इयत्तेला नाही.
साडेचारला उतरलो तर खाडी काठोकाठ.
मी त्याला शाबास म्हटलं नाही.
तो माझ्याकडे बघतच नव्हता, पाण्याकडे बघत होता,
वेळेवर आलेल्या माणसाकडे बघावं तसा.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
आंब्याला टांगलेला, आणि वर लोखंडी टोला.
तिसऱ्या अर्जात मी एवढंच मागितलं:
टोला पडायच्या आधी कुणी त्याला सांगावं.
उत्तर आलं, स्वतंत्र मनुष्यबळ उपलब्ध नाही.
चौथ्या अर्जाला पोच मिळाली. शिक्का, आवक क्रमांक.
उत्तर नाही.

आणि एका सोमवारी अकरा वाजून गेले, फोन नाही.
साडेअकरा. मी फोनची रेंज बघितली.
बारा. मिठाचे हात तसेच घेऊन पळत गेले.
दुर्वेश ओळीत बसून खिचडी खात होता,
वाटाणे वेगळे काढून, ताटाच्या कडेला रांगेत.
आंब्याखाली बाबल शिपाई
टोल्याला सुंभ गुंडाळून उभा.
म्हणाला, "माझाच डोक्या दुखायचा गो, वयनी."
खोटं बोलला. देव त्याचं भलं करो.

अकरा दिवस.
बाराव्या दिवशी तपासणीला साहेब आले,
म्हणाले, घंटा वरच्या वर्गांना ऐकू येत नाही.
सुंभ काढला.
सव्वाअकराला फोन आला.

काढलेला सुंभ मी बाबलकडून मागून आणलाय.
जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
हा तर नुसता सोडलाय.
टेबलावर तो, मी, आणि कोरा कागद.
दुर्वेश शेजारी सुंभाचे पदर मोजतोय.
बाहेर ओहोटी आहे, असं तो सांगतो.

प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय: टोल्याला सुंभ गुंडाळण्याबाबत.
महोदय,
सोबत सुंभ जोडला आहे.
पोच द्यावी.