भिंतीपासून चार बोटं

लेइदाची डावी टाच खाली येत नाही.
म्हणजे येते, पण सुराच्या मागून,
जशी हियुमा बेटावर बोट येते
वेळापत्रकाच्या मागून.

पन्नास वर्षं ती आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवते,
त्यातली पहिली तीस
मी मागच्या अंधारात भाता तुडवला.
तिने मला पाहिलं नाही, मी तिला पाहिलं नाही,
फक्त ती कुठे श्वास घेते ते मला पाठ होतं.
मग मोटर बसली,
आणि एंडेलच्या पायांना सुट्टी मिळाली.

ऑर्गनला खालीही पट्ट्या असतात, लांब, लाकडी,
त्या पायांनी वाजवायच्या:
चवडा, टाच, चवडा.
आता ती चवडा, चवडा करते
आणि मधला खर्ज गिळते.
लोकांना कळत नाही, म्हणते.
मला कळतं, असं मी म्हणालो नाही.

मुख्य भूमीवरून कॅर्ट आली, दर बुधवारची फिजिओथेरपिस्ट,
वय माझ्या बुटांपेक्षा कमी.
तिने लेइदाला स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभं केलं:
अंगठा भिंतीपासून दूर, गुडघा भिंतीला टेकलेला,
आणि टाच उचलायची नाही.
मधे बोटं घालून मोजलं.
उजवा पाय पाच बोटं. डावा दोन.
"मार्चपर्यंत चार," कॅर्ट म्हणाली
आणि संध्याकाळच्या बोटीने गेली.

आधी पाय कोमट पाण्यात.
मग हात भिंतीला, डावा पाय मागे,
मागचा गुडघा ताठ, टाच फरशीला चिकटलेली,
आणि झुकायचं, पोटरी ताणेपर्यंत.
ओढ चालेल, कळ नाही.
हिसके द्यायचे नाहीत. तीस आकडे थांबायचं.
लेइदाला आकड्यांचा राग.
"तीस म्हणजे काय? तीसला चाल नाही."
म्हणून मी शेजारी बसून एक कडवं गुणगुणतो,
दफनाच्या वेळचं, सगळ्यात संथ.
ते संपतं तेव्हा तीस सेकंद होऊन वर थोडे उरतात.
हे मी तिला सांगत नाही.

पुन्हा तेच, मागचा गुडघा किंचित वाकवून.
तेव्हा ओढ खाली उतरते, टाचेवरच्या दोरीत.
"हा दुसराच कुणीतरी," ती म्हणते.
"एक्याऐंशी वर्षं एका घरात राहून
याची ओळख नव्हती."

रात्री खुर्चीत बसून टॉवेल चवड्याला अडकवते,
स्वतःकडे ओढते,
जाळं ओढणाऱ्या तिच्या बापासारखी.
कधी अंगठ्याने हवेत अक्षरं काढते.
पूर्ण वर्णमाला गिरवायची, कॅर्टने सांगितलेलं.
काल नीट पाहिलं: वर्णमाला नव्हती,
पाद्र्याबद्दल काहीतरी होतं.

फेब्रुवारीत दोन बोटं आणि एक नख.
मग सर्दी, आठवडा बुडाला, पुन्हा दोन.
ती भिंतीशी बोलेनाशी झाली.
मी जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभा राहिलो,
कठडा धरून, आणि टाचा खाली सोडून दाखवल्या.
गेल्या त्या मुकाट, भात्याच्या सवयीने.
तिने पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, मला वाटतं,
की मलाही पाय आहेत.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी वादळाने तारा पाडल्या.
मोटर गप्प. पाद्री म्हणाला, आज नुसतंच गाऊ.
मी मागे गेलो.
भात्याच्या फळीवर कुणी मेणबत्त्यांची खोकी रचली होती,
ती हलवली, पाय ठेवला.
लाकूड कण्हलं, मग हवा भरली.

तिथून दिसत काहीच नाही. ऐकू आलं:
चवडा. टाच.
मग एक रिकामी जागा, केसाएवढी.
मग चवडा.
तिसऱ्या कडव्यात ती जागा नव्हती.
चौथ्यात पुन्हा होती.

घरी येऊन मी मोजलं. साडेतीन.
"चार," ती म्हणाली,
"तुझी बोटं जाड आहेत."