थोरल्या बाईंचं हजेरीपुस्तक

नाव थॉर्नली. आमच्या जिभेला ते पेललं नाही,
म्हणून थोरली.
धाकटी कोण, हे कुणी विचारलं नाही.

गिरण्यांचे भोंगे दिवसाला तीन,
सेटलमेंटात हजेऱ्याही तीन :
पहाटे, दुपारी, दिवे लागल्यावर.
तारेच्या आत जन्मलेलं पोर
रांगायच्या आधी रांगेत.
गुन्हा काय, तर जात.
शिपाई पुकारायचा, "यल्ल्या!"
आणि माझा बाप, वय अकरा, म्हणायचा, "हाय."

शाळेत बाई म्हणाल्या, "यल्लप्पा, आपण पुढे या."
बापानं मागं वळून बघितलं,
कोण मोठं माणूस आलंय ते.

त्यांच्या मुलखात म्हणे त्यांचे पूर्वज
राजालासुद्धा अरे-तुरे करत,
डोक्यावरची टोपी काढत नसत.
बाईंनी सोलापुरात हिशेब उलटा मांडला :
साहेबाला जेवढा मान, तेवढाच
शेंबूड पुसत उभ्या असलेल्या लक्ष्मीला.
साहेबाला ते फार लागलं.

दुपारच्या हजेरीनंतर पंधरा मिनिटं
सगळ्यांनी गप्प बसायचं.
मूर्ती नाही, आरती नाही, पाद्री नाही.
"देवाला हाक मारू नका," बाई सांगत,
"तो काही म्हणतोय का, तेवढं ऐका."
आम्हाला ऐकू यायचं ते असं, बाप सांगायचा :
पद्मशाल्यांच्या मागांची खटखट,
चिंचेवरचे कावळे,
आणि शेजारच्याच्या पोटातली गुरगुर.

एकदा म्हणाल्या, "माझा भाऊ तुरुंगात होता."
पोरं सरसावून बसली. आपल्यातलीच की ही!
"काय घेतलं होतं त्यानं?"
"घेतलं नाही. बंदूक द्यायला आले होते, ती घेतली नाही."
वर्ग हसून हसून लोळला.
घेतल्याबद्दल जेल, हे आमच्याकडं पिढीजात.
न घेतल्याबद्दल जेल?
इंग्रजाचं डोकंच फिरलेलं.

दुसऱ्या लढाईत ऑफिसातून पोस्टर आलं,
बंदूकवाला शिपाई, खाली फंडाचा आकडा.
बाईंनी ते भिंतीला उलटं चिकटवलं,
कोऱ्या बाजूवर बाराखडी लिहिली.
ग्रँट थांबली. सायकल विकली.
मग रेल्वे लाईनपासून चालत येत,
कडक भाकरी न् शेंगाचटणी रुमालात बांधून.

त्याच साली मंगळवार पेठेत
एका दुकानातला तांब्या गेला, आणि धरलं बापाला.
त्या दुपारी तो वर्गात भागाकार करत होता.
बाई कोर्टात उभ्या राहिल्या.
शपथ घेतली नाही. म्हणाल्या,
"रोज खरंच बोलते, आज निराळं काय बोलू?"
मॅजिस्ट्रेटनं तेही चालवून घेतलं.
वकिलानं एवढंच विचारलं,
"मुलगा सबंध वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होता?"

बाई थांबल्या.
"नाही. पंधरा मिनिटं मी डोळे मिटले होते."

सहा महिने. येरवडा, पोरांच्या जेलात.

बाप म्हातारपणीही मधेच म्हणायचा,
"एक शब्द. एकच शब्द खोटा बोलली असती बाई."
आणि थोड्या वेळानं, चादरीची दशी वळत,
"पर मग ती थोरली कशाची?"
या दोन वाक्यांमध्ये
त्याचं कधी जुळलं नाही. माझंही नाही.

शाळा पाडली, तेव्हा मला ते पुस्तक मिळालं.
उंदरांनी कडा खाल्लेल्या.
यल्लप्पाच्या ओळीत सहा महिने
चौकोन कोरे.
हजर लिहिणं खोटं झालं असतं.
गैरहजर लिहायला हात धजला नसावा.

आणि लक्ष्मीआत्या सांगते,
बाप जेलात गेल्यापासून
पंधरा मिनिटं तशीच व्हायची, रोज, दुपारी,
फक्त बाई
डोळे उघडे ठेवून बसायच्या.