नऊ नंबरचं बटण

चार्जर लावला की वायरीत गुणगुण,
काढला तर फोन टेकलेला,
सहा टक्क्यांवर. तेवढ्यात
इरबामामाची हर्राशी
सॅम्पलरात उतरवून घ्यायची.

वसमतचा मोंढा. हळदीचा ढीग.
‘अकरा हजार, अकरा दोनशे, बोला शेठ!’
घशाला भोक पडायच्या आधीचा व्हिडिओ.
आकडे तोडले, एकेका बटणावर एकेक बसवला.
नवव्यावर चुकून
नुसता श्वास आला,
दोन भावांच्या मधे, तोंडानं घेतलेला.

मामानं सॅम्पलर मांडीवर घेतला.
मामी म्हणली, भाकरी किती टाकू?
‘अकरा दोनशे!’
मामी हसता हसता चुलीकडं वळली,
बराच वेळ वळूनच राहिली.

रात्री मामाच्या खाटेवरून
बटण दाबल्याचा आवाज.
आकडा एकही नाही.
नऊ.
मग पुन्हा नऊ.