याले पंखा नाही

खोक्यातून काढलं तेव्हा बाबांनी
आधी हातात तोललं,
उलटं केलं, कानाशी धरून हलवलं.
टिफिनच्या डब्याएवढं, काळं,
पाठीवर ॲल्युमिनियमच्या फासळ्या,
कुशीत वायरींसाठी चार चौकोनी भोकं.
"काऊन वं, याले पंखा नाही?"
नाही, बाबा.
"मंग श्वास कुठून घेते?"

तांडापेठेत चाळीस वर्षं
बारापात्रे मोटर वाइंडिंग.
मार्च लागला की दुकानापुढे कूलरच्या मोटरी
दवाखान्यातल्यासारख्या ताटकळतात.
बाबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तांब्याची तार गुंडाळतात;
वाक्य चुकतं, वेढा चुकत नाही.
कान लावला की सांगतात
बेअरिंग गेलं, की कंडेन्सर,
की माणूसच उगाच घाईत आहे.

अशा घरात मी
आवाज नसलेलं यंत्र आणलं.

जुना राउटर गेल्या मे महिन्यात मेला,
भर मीटिंगमध्ये, सेहेचाळीस डिग्रीला,
जळक्या प्लास्टिकचा वास मागे ठेवून.
म्हणून हे. एक रविवार घालवून
त्याला घरचा राउटर केलं.
एक वायर जगाची, एक आपली,
मधे मी लिहिलेले नियम:
आतल्यानं खुशाल बाहेर जावं,
बाहेरच्यानं बोलावल्याशिवाय आत येऊ नये.

रात्री बाबांना नोंदी दाखवल्या.
मिनिटाला आठ-दहा जण
कुठकुठून येऊन दार वाजवत होते.
"कोन हाये?"
माहीत नाही. यंत्रंच असतात बहुतेक.
"आन् हे काय म्हनते त्याईले?"
काहीच नाही. उत्तरच देत नाही.
बाबा हसले.
"तुह्या आत्यासारखं."

मी ते शोकेसमध्ये ठेवलं होतं, काचेआड,
माझ्या कॅरमच्या ढालीशेजारी.
दुपारी तापमानाची रेघ चढायची,
अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, ब्याऐंशी.
मी खिडकीला ओली चादर लावायचे,
पुन्हा रेघ बघायचे,
पुन्हा चादर.

एका मंगळवारी रेघ एकदम खाली आली.
चौसष्ट.
ऊन तेच, झळ तीच,
टाकीतलं पाणीही तेवढंच कोमट.
वाटलं, बंदच पडलं.
पण कानात पुण्याहून कोणीतरी
तिमाहीचे आकडे वाचतच होतं.

उठून पाहिलं.
शोकेसच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे,
तारेच्या दोन रिकाम्या रिळांवर
ते एका कुशीवर उभं होतं.
फासळ्या आता उभ्या,
खालून हवेला बोटभर वाट.
वायरींना सुतळीची गाठ,
तीच, जी मोटरीत बांधली की
मोटर जळते पण गाठ सुटत नाही.

जेवताना मी विचारलं.
"गरम हवा वर जाते. तिले रस्ता पायजे."
आणि सांडगी मिरची मागितली.

त्या रात्री वीज गेली.
आमचा कूलर, मग शेजारच्या निखाड्यांचा,
मग अख्ख्या गल्लीचे, सगळे एकाच वेळी गप्प;
उन्हाळाभर ऐकू न आलेलं कुत्रं ऐकू आलं.
इन्व्हर्टरवर फक्त
तो एक हिरवा ठिपका.
बाबा अंधारात चाचपडत आले.
"चालून राह्यलं ना?"
हो.
"कसं समजावं मानसानं?"

मी त्यांचा हात धरून फासळ्यांवर ठेवला.
कोमट होतं,
ताप उतरत आलेल्या कपाळाइतकं.
बाबा तसेच उभे राहिले,
कान नेहमीप्रमाणे तिरका,
हात मात्र ऐकत होता.

वीज आली. कूलर घरघरले.
हात उचलून ते म्हणाले,
"उद्या आनखी एक रीळ आनतो.
इकून डुगडुगते."