हजेरीचं बुक

धुळ्याच्या पडताळणी कार्यालयात
बाबूने फाइल परत सरकवली :
"पन्नासना पहिलेना कागद लई ये."

आमच्यात कुठला कागद?
सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही,
जन्म पालाखाली, नोंद कुणी करायची.

शेवटी पारोळ्याच्या ठाण्यात
मुद्देमालाच्या खोलीतून
वाळवीने कडा खाल्लेलं एक बुक निघालं.
त्यात माझा पणजोबा सापडला :
भुरक्या वल्द धोंडू, जात पारधी, गुन्हेगार जमात,
उंची पाच फूट दोन, उजव्या गालावर व्रण.
रात्रीतून तीनदा हजेरी.
पानापानावर त्याचा अंगठा, काळा, गोल,
रांजणाच्या तळासारखा.

एका रात्री अंगठा नाही.
शेरा : गैरहजर. सहा महिने सक्तमजुरी.
त्या रात्री त्याची बायको
नाल्याकाठी बाळंत होत होती, असं घरात सांगतात.
ते बाळ म्हणजे माझा आजा.

हवालदाराने झेरॉक्स दिली, चहा पाजला,
मग सहज विचारलं,
"मंगळवारी गोडाऊन फुटलं,
तुझा भाऊ कुठे होता?"

रावेरला. केळीचा ट्रक भरत होता.
त्याने लिहून घेतलं.
बुक नवं होतं. रेघा त्याच.

बाबू म्हणाला, हे चालंल.
पणजोबाला चोर म्हणणाऱ्या कागदावर
मला जात मिळाली, जातीवर नर्सिंगची जागा.

आता माझी नाइट ड्युटी असते.
मस्टरवर सही करते, वेळ टाकते.
रात्रीतून तीनदा राउंड घ्यायचा, माणसं मोजायची.

झोपलेल्याला मी उठवत नाही.