काटा

एकतीस वर्षं मी देवगड बंदरावर काट्यावर बसतोय.
बांगडा, इसवण, मोरी.
कुणाच्या होडीनं काय आणलं
ते मालकाच्या आधी मला कळतं.
ओल्या टोपलीचं वजन मनातच वजा करायचं
हे मला कुणी शिकवलं नाही.

म्हणून साखर सापडली तेव्हा
तिलाही वहीत घातली.
पहिल्या वर्षी दहा युनिट,
सातव्या वर्षी दिवसाचे बावन्न.
इन्सुलिन वाढे तसा मी वाढे,
मी वाढे तसं इन्सुलिन.
सावकाराकडे न जाता
चक्रवाढ व्याज कळलं.
वीज गेली की सुनयना कुपी फडक्यात गुंडाळी
आणि बर्फाच्या पेटीत ठेवी,
सरंग्यांच्या बाजूला, पण बर्फाला टेकू न देता.

नेरूरकर डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढलं,
सुंभाच्या वळकटीसारखं.
म्हणाल्या, जेवण आलं की इथून एक हार्मोन सुटतं,
स्वादुपिंडाला हाक मारतं,
मेंदूला सांगतं, पुरे.
तुमच्यात ती हाक दबलीय.
आठवड्यातून एकदा बाहेरून घालू.
मी म्हटलं, म्हणजे पोटाचा निरोप सुईतून?
त्या हसल्या.
किंमत सांगताना मात्र हसल्या नाहीत.

मी बुधवार निवडला. चुकलंच.
बुधवार मासळीचा वार.

तिसऱ्या बुधवारी, लिलाव रंगात आलेला,
आणि मला बांगड्याचा वास आला.
वास जन्मापासून होताच,
पण असा कधी आला नव्हता.
काटा तसाच सोडून धक्क्याच्या टोकाला गेलो
आणि पाण्यावर वाकलो.
कुबलांचा पोर ओरडला,
"भाऊंका जमनीवर बोट लागली!"
सगळं बंदर हसलं.
मीही, तोंड पुसत.

मग भूक गेली.
बर्फाच्या फॅक्टरीचं यंत्र बंद पडलं की कळतं ना,
ते इतका वेळ चालू होतं,
तशी.
मी गप्प उभा राहिलो, काय ऐकू येईना म्हणून.

सुनयना एक मूठ तांदूळ कमी वैरू लागली,
मग दोन.
एका संध्याकाळी तिनं पातेलंच बदललं,
फळीवरचं धाकटं काढलं,
लग्नाच्या पहिल्या वर्षाचं, बुडाला पोचा आलेलं.
"तुमका आता माझ्या हातचा आवडणा नाय,"
ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.
आवडतं, मी म्हटलं, फक्त मागावंसं वाटत नाही.
या दोन्ही गोष्टी एकच
असं आम्ही सत्तावीस वर्षं धरून चाललो होतो.

बावन्नचे चव्वेचाळीस झाले, मग तीस.
गेल्या महिन्यात अठरा.
दर वेळी बाईंनीच आकडा खाली आणला,
माझ्या हातात फक्त वही.
शून्याची वाट बघू नका, त्या म्हणाल्या.
मी बघत नाही.
खाऱ्या हवेत रिकामा काटासुद्धा
शून्यावर थांबत नाही,
टिचकी मारावी लागते.

काल पहाटे, होड्या लागायच्या आधी,
इकडेतिकडे बघून मीच काट्यावर चढलो.
अकरा किलो कमी.
इतकी वर्षं टोपली कुठली आणि मासळी कुठली,
हिशेब काही लागेना.

रात्री एकच सौंदाळा, तिरफळं घातलेलं सार,
वाटीभर भात.
पूर्वी ती उभ्यानं वाढत असे,
माझं ताट रिकामं होण्याच्या धास्तीनं.
आता समोर बसते.
मी सावकाश काटे काढून
ताटाच्या कडेला लावत होतो,
ती कुणाच्या तरी जाळ्याबद्दल सांगत होती,
मध्येच थांबून म्हणाली,
"मीठ वायच जास्त पडला मा?"

पडलं होतं.
पडत आलं असेल, कितीदा तरी.